भाड्याने आणलेला संघ

सॅन अँटोनियो स्पर्स या बास्केटबॉल संघाच्या नावावर आज एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगची, पाच विजेतेपदं आहेत. पण १९७३ साली टेक्सासमधल्या या शहरात हा संघ आला तो चक्क भाड्याने. १९६७पासून तो डॅलसमध्ये चॅपरल्स या नावाने खेळत होता आणि तिथे प्रेक्षक फिरकत नव्हते. अँजेलो ड्रॉसोस आणि रेड मॅककॉम्ब्स यांच्या पुढाकाराने सॅन अँटोनियोच्या काही व्यावसायिकांनी तो भाडेकराराने घेतला. इथे मात्र गर्दी जमली आणि संघ कायमचा इथलाच झाला.

तेव्हा तो एनबीएत नव्हताच. एबीए नावाची एक प्रतिस्पर्धी लीग होती. तिथे चेंडू लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगाचा, आणि लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण. एनबीएने तीन गुणांची ती रेषा पुढे १९७९ साली उचलली. एबीए १९७६मध्ये बंद पडली, तेव्हा तिच्यातल्या चारच संघांना एनबीएने दार उघडलं: डेन्व्हर, इंडियाना, न्यूयॉर्क नेट्स आणि स्पर्स. प्रवेशशुल्क प्रत्येकी ३२ लाख डॉलर.

या संघाचा पहिला मोठा खेळाडू जॉर्ज गर्व्हिन, टोपणनाव ‘आइसमन’. त्याची ओळख म्हणजे फिंगर रोल. हवेत झेपावायचं, हात पूर्ण लांबवायचा, तळवा आभाळाकडे, आणि चेंडू फेकायचा नाही, बोटांवरून घरंगळू द्यायचा. चेंडू अलगद रिंगच्या कडेवरून आत. ९ एप्रिल १९७८, हंगामाचा शेवटचा दिवस. सर्वाधिक सरासरी गुणांच्या शर्यतीत डेन्व्हरच्या डेव्हिड थॉम्पसनने दुपारच्या सामन्यात ७३ गुण काढले. आता गर्व्हिनला रात्री किमान ५८ हवे होते. त्याचे सुरुवातीचे सगळे फटके चुकले. मग दुसऱ्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चार भागांपैकी दुसऱ्यात) एकट्याने ३३ गुण, आणि एकूण ६३. सरासरी २७.२२ विरुद्ध २७.१५. असा मान त्याने एकूण चार वेळा मिळवला. विजेतेपद मात्र त्याच्या नशिबात नव्हतं. १९७९मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत ३-१ अशी आघाडी घेऊनही स्पर्सनी मालिका गमावली, आणि अंतिम फेरी हुकली ती सातव्या सामन्यातल्या दोन गुणांनी.

गर्व्हिन १९८५ साली दुसऱ्या संघात गेला आणि स्पर्स घसरले. १९८७च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, पहिली निवड वाट्याला आली तेव्हा स्पर्सनी डेव्हिड रॉबिन्सनला घेतलं, तो दोन वर्षं येऊ शकणार नाही हे माहीत असूनही. तो नौदल अकादमीचा पदवीधर, त्यामुळे आधी नोकरी बजावणं भाग होतं. मला या संघाचं वळण इथेच दिसतं: योग्य माणूस असेल तर थांबायची तयारी. १९८८-८९मध्ये २१ विजय मिळवणाऱ्या संघाने रॉबिन्सन आल्यावर पुढच्याच हंगामात ५६ सामने जिंकले. १९९४मध्ये तोही गर्व्हिनसारखाच शेवटच्या दिवसापर्यंत सर्वाधिक सरासरी गुणांच्या शर्यतीत होता. त्या दिवशी त्याने ७१ गुण काढले आणि ऑर्लँडोच्या शकील ओनीलला मागे टाकलं.

१९९६-९७मध्ये दुखापतींमुळे रॉबिन्सन फक्त सहा सामने खेळला. व्यवस्थापक ग्रेग पोपोविच यांनी हंगामाच्या मध्यातच प्रशिक्षकाला हटवून सूत्रं स्वतःकडे घेतली, तेव्हा टीका झाली. हंगामाअखेर खात्यात २० विजय आणि ६२ पराभव. पण ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार हे ठरवणाऱ्या सोडतीत पहिला क्रमांक निघाला तो स्पर्सचा. सर्वाधिक संधी बॉस्टनला होती. टिम डंकनवर त्यांनी सगळी आशा लावली होती, पण तो आला स्पर्सकडे.

डंकन कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा, आणि खरं तर जलतरणपटू. १९८९च्या ह्युगो वादळात बेटावरचा मोठा जलतरण तलाव उद्ध्वस्त झाला, पुढच्या वर्षी आई कर्करोगाने गेली, आणि पोहणं सुटलं. बास्केटबॉल त्याने उशिरा हाती घेतला. त्याचा हुकमी फटका पाहायला अगदी साधा वाटतो. बास्केटच्या डावीकडे तिरकं उभं राहायचं, वळायचं आणि चेंडू बास्केटमागच्या बोर्डावर ठरलेल्या जागी टेकवायचा. बचाव करणाऱ्याला सगळं आधी कळायचं, तरी चेंडू आतच जायचा. १९९९मध्ये न्यूयॉर्कला हरवून स्पर्सनी पहिलं विजेतेपद जिंकलं. एबीएतून आलेल्या संघाचं एनबीएतलं ते पहिलंच. २००३च्या अंतिम मालिकेतल्या शेवटच्या सामन्यात डंकनचे २१ गुण, २० रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले चेंडू), १० असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) आणि ८ ब्लॉक (अडवलेले फटके) होते. रॉबिन्सनने त्याच रात्री खेळ थांबवला, करंडक हातात घेऊनच.

स्पर्सना ‘नशीबवान’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी दोन आकडे सांगतो: ५७ आणि २८. अर्जेंटिनाचा मानू जिनोबिली १९९९च्या ड्राफ्टमध्ये ५७वा निवडला गेला, म्हणजे शेवटून दुसरा. फ्रान्सचा टोनी पार्कर २००१मध्ये २८वा. या दोघांना हेरणं हे सोडतीचं काम नव्हे, नजरेचं होतं. त्यांच्यासह २००५ आणि २००७चीही विजेतेपदं आली.

२०१३ची जखम मात्र खोल गेली. अंतिम मालिकेत मायामीविरुद्ध सहावा सामना, २८ सेकंद बाकी, पाच गुणांची आघाडी. करंडकाच्या तयारीसाठी कर्मचारी मैदानाच्या कडेला पिवळा दोर घेऊन आले होते. मग रिबाउंड हातून निसटला, मायामीचा रे ॲलन मागे सरकत कोपऱ्यात गेला आणि ५.२ सेकंद उरलेले असताना तीन गुण टाकून बरोबरी साधली. डंकन त्या क्षणी बाकावर होता. सातव्या सामन्यात शेवटच्या मिनिटात अगदी जवळचा फटका चुकल्यावर डंकनने दोन्ही हात जमिनीवर आपटले, आणि विजेतेपद मायामीला गेलं. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

पुढच्या वर्षी तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. स्पर्सनी पाचपैकी चार सामने जिंकले, तेही एकेक १५ किंवा अधिक गुणांनी. चेंडू कुणाच्याच हातात रेंगाळत नव्हता, एक पास, दुसरा, तिसरा, आणि शेवटी मोकळा उभा असलेला खेळाडू. त्याहून सुंदर सांघिक बास्केटबॉल मी पाहिलेला नाही. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला २२ वर्षांचा कवाय लेनर्ड. डंकन २०१६मध्ये निवृत्त झाला, लेनर्ड २०१८मध्ये टोरोंटोला गेला, आणि सलग २२ हंगाम प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) गाठणाऱ्या संघाची ती मालिका २०२०मध्ये तुटली.

२०२३मध्ये सोडत पुन्हा स्पर्सकडे वळली, आणि सात फूट चार इंच उंचीचा फ्रेंच खेळाडू व्हिक्टर वेम्बन्यामा आला. नोव्हेंबर २०२४मध्ये पोपोविच यांना पक्षाघाताचा झटका आला. मे २०२५मध्ये त्यांनी प्रशिक्षकपद मिच जॉन्सनकडे सोपवलं. २९ हंगामांनंतर ते निरोपासाठी पत्रकारांसमोर आले, तेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूंना डंकन आणि जिनोबिली उभे होते.