उरुक : नगरजीवन आणि लेखनाचा उगम

उरुक : दक्षिण इराकमधील सुमेर प्रदेशातील प्राचीन नगर. आजचे नाव वारका. ते समावा शहराच्या पूर्वेस सुमारे ३० किमी. अंतरावर आहे. युफ्रेटिस नदीच्या जुन्या पात्राकाठी वसलेली ही वस्ती इ. स. पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरीस सुमारे २५० हेक्टरांवर पसरली होती. तेव्हाच्या मेसोपोटेमियात एवढे मोठे गाव दुसरे नव्हते. पुढे तटबंदी झाली ती नऊ किलोमीटरहून लांब. परंपरेने ती गिलगामेश राजाच्या नावावर जमा आहे. जगातील सर्वांत जुने लेखन याच गावात सापडले आणि ते आहे धान्याच्या हिशेबाचे.

टायग्रिस व युफ्रेटिस यांच्या गाळाने बनलेल्या या सपाट मुलखात दगड नाही, धातू नाही, इमारती लाकूड नाही. पाऊस इतका तुटपुंजा की त्याच्या भरवशावर पीक येत नाही. पुराची वेळही अडचणीची. उत्तरेकडच्या डोंगरांतले बर्फ वितळून नद्या फुगतात त्या चैत्र-वैशाखात, म्हणजे शेतात सातू कापणीला आलेला असताना. त्यामुळे पाट काढणे, बांध घालणे, साचलेला गाळ उपसणे ही कामे दरसाल करावी लागत, आणि ती एका घराच्या आवाक्यातली नव्हती. मात्र पाटाच्या पाण्यावर सातू भरघोस येई. जोडीला खजूर, मेंढ्यांची लोकर आणि दलदलीतले मासे. उत्पन्नाचा मोठा वाटा देवळाच्या कोठारात जमा होई व तेथून शिध्याच्या रूपाने कामकऱ्यांना मिळे.

हे चित्र अलाबास्टर या मऊ, फिकट दगडाच्या एका उभट कलशावर कोरलेले आहे. सुमारे एक मीटर उंचीचा हा कलश १९३३-३४ मध्ये इनान्ना देवीच्या मंदिर-परिसरात, एआन्ना येथे, मिळाला. तळाशी पाण्याची लाट, तिच्यावर पिकांची रांग, त्यावर मेंढ्या, मग टोपल्या व घडे डोईजवळ धरून निघालेले उघडे पुरुष, आणि सर्वांत वर देवीच्या दारात होणारा स्वीकार. दाराशी लव्हाळ्याच्या दोन जुड्या उभ्या आहेत. तीच जुडी पुढे लिपीत इनान्नाच्या नावाचे चिन्ह झाली. २००३ च्या एप्रिलमध्ये बगदादच्या संग्रहालयातून हा कलश लुटला गेला. दोन महिन्यांनी तो तुकड्यांत परत आला.

उरुकमध्ये तिरप्या काठांचे ओबडधोबड वाडगे ढिगांनी सापडतात. चाकावर न चढवता साच्यात दाबून केलेले हे वाडगे शिधा मोजण्यासाठी असावेत, असे अनेक संशोधक मानतात. काहींच्या मते ते पाव भाजण्याचे साचे होत. लिपीत मात्र वाडग्याचे चिन्ह म्हणजे भाकर, आणि माणसाच्या डोक्यापुढे वाडगा काढला की ‘खाणे’ किंवा ‘शिधा’.

हिशेबाची सवय लेखनाहून जुनी. शंकू, गोळी, चकती अशा आकारांचे मातीचे ठोकळे मोजणीसाठी वापरात होते. नंतर ते पोकळ गोळ्यात बंद करून वर मुद्रा उमटवली जाऊ लागली. आत काय आहे हे गोळा न फोडता कळावे म्हणून काही गोळ्यांवर बाहेरून तसे ठसे दाबत. मग सपाट पाटीवर नुसते ठसे पुरेसे झाले. पुरातत्त्वज्ञ डेनिस श्मांट-बेसेरात यांनी हा क्रम मांडला. आकड्यांपुरता तो पटण्याजोगा आहे. प्रत्येक चित्रचिन्ह ठोकळ्यातूनच आले, हे म्हणणे मात्र ताणलेले वाटते.

एआन्नातील जर्मन उत्खननात पाट्या व तुकडे मिळून सुमारे ५,००० नग मिळाले. त्यांतील सर्वांत जुने इ. स. पू. ३३०० च्या आसपासचे. बहुतेक सगळा जमाखर्च : सातू, बिअर, मेंढ्या, मजूर. आकडे लिहिण्याची रीत वस्तूगणिक बदलते. मेंढ्या मोजताना गोल ठसा लहान ठशाच्या दहापट, सातू मापताना तोच सहापट. मोजायचे काय हे आधी ठाऊक नसेल तर पाटी वाचताच येत नाही. एका पाटीवर ३७ महिन्यांत २९,०८६ मापे सातू नोंदलेला आहे आणि कोपऱ्यात ‘कुशिम’ अशी दोन चिन्हे आहेत. हे माणसाचे नाव की पदाचे, यावर अभ्यासकांत एकमत नाही. माणसाचे असेल, तर लिखित स्वरूपात उरलेल्या सर्वांत जुन्या व्यक्तिनामांपैकी ते एक ठरते.

चित्राकडून उच्चाराकडे झालेली वाटचाल ही या कथेतली सर्वांत मोठी झेप. सुमेरियन भाषेत ‘ति’ म्हणजे बाण आणि ‘तिल’ म्हणजे जगणे. बाणाचे चित्र काढून जीवन लिहिता येऊ लागले. मराठीत हाताचे चित्र काढून सरकारी ‘कर’ लिहावा, तसेच हे. ओल्या मातीवर बोरूने रेघ ओढण्यापेक्षा टोक दाबणे सोपे, म्हणून चित्रे मोडून पाचरीसारखे ठसे आले आणि क्यूनिफॉर्म लिपी घडली. पुढे अक्कडियनसारख्या परक्या कुळातील भाषांनीही ती उचलली.

कारकून घडवण्याची सोयही तेव्हापासूनच दिसते. जमाखर्चाखेरीज उरलेल्या थोड्या पाट्या शब्दांच्या याद्या आहेत. त्यांतली पदे व व्यवसाय यांची यादी शिकाऊ लेखनिक पुढे हजारहून अधिक वर्षे उतरवून काढत होते.

ही लिपी पुन्हा वाचता आली त्यात हेन्री रॉलिन्सनचा मोठा वाटा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात १८२७ मध्ये आलेल्या या अधिकाऱ्याने पुढे इराणातील बेहिस्तूनच्या कड्यावरचा इराणी सम्राट दारियसचा त्रैभाषिक, म्हणजे एकच मजकूर तीन भाषांत कोरलेला, क्यूनिफॉर्म लेख उतरवून घेतला.

काळाच्या ओघात नदीचे पात्र दूर सरकले आणि उरुक ओसाड झाले. २०१६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. काळ निश्चित करता येणारी सर्वांत उशिराची क्यूनिफॉर्म पाटीही इथलीच : इ. स. ७९-८० या वर्षाच्या ग्रहस्थितीचे पंचांग.