सेजमधले ग्राफ वेगवान झाले ते कसे

विल्यम स्टाइन यांनी 2005 मध्ये सेज हे गणिताचे मुक्त सॉफ्टवेअर सुरू केले तेव्हा त्यांचा स्वतःचा विषय संख्या-सिद्धांत होता. ग्राफ, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांची जाळी, त्यात मागाहून आले आणि सुरुवातीला नेटवर्कएक्स या पायथन भाषेतल्या लायब्ररीच्या (तयार कोडच्या संग्रहाच्या) आधाराने उभे राहिले. तिथे ग्राफ म्हणजे डिक्शनरीच्या (नावावरून नोंद शोधून देणाऱ्या यादीच्या) आत डिक्शनरी. बिंदूला कोणतेही नाव द्या, कडा हवी तेव्हा जोडा, हवी तेव्हा काढा. शिकायला आणि प्रयोगाला ही रचना फार सोयीची आहे. पण आजच्या 64-बिट पायथनमध्ये एक छोटा पूर्णांकही 28 बाइट घेतो. सी भाषेत त्याला सहसा 4 पुरतात. शिवाय डिक्शनरीतला प्रत्येक शेजारी, म्हणजे कडेने जोडलेला बिंदू, मेमरीत कुठेतरी विखुरलेला असतो. लाखो कडा ओलांडायच्या तर बराच वेळ त्या शोधाशोधीतच जातो.

2008 च्या सुमारास रॉबर्ट मिलर यांनी सायथनमध्ये, म्हणजे सी भाषेत रूपांतर होणाऱ्या पायथनसारख्या भाषेत, सेजमधल्या ग्राफचा नवा पाया लिहिला. विरळ (कमी कडांच्या) ग्राफसाठी हॅश टेबल, म्हणजे नोंदीची जागा हिशोबाने काढणारा तक्ता; दाट ग्राफसाठी बिटांचा तक्ता.

माझ्या मते खरी कलाटणी नाथान कोहेन यांच्या ‘स्थिर’ रचनेने दिली. ग्राफ बदलायचाच नाही असे एकदा ठरवले की सगळे शेजारी एकाच रांगेत ओळीने मांडता येतात. कोणत्या बिंदूचे शेजारी कुठून सुरू होतात, एवढे दुसरी रांग सांगते. ही कल्पना विरळ (बहुतेक शून्यांच्या) मॅट्रिक्सवाल्यांकडे कित्येक दशके होती. लवचीकता सोडली, म्हणून प्रोसेसरला पुढचा शेजारी हाताशीच मिळू लागला.

पण मांडणी सुधारून सगळेच भागत नाही. एक लाख बिंदूंच्या ग्राफचा व्यास, म्हणजे सर्वांत दूरच्या दोन बिंदूंमधले अंतर, सरळ पद्धतीने काढायचा तर प्रत्येक बिंदूपासून एकदा, असा एक लाख वेळा सगळ्या ग्राफमध्ये शोध घ्यावा लागतो. सर्व अंतरांचा तक्ता ठेवायचा म्हटले तर 1000 कोटी नोंदी. प्रत्येकी 2 बाइट धरले तरी 20 जीबी. इथे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेली आयफब पद्धत उपयोगी पडली. ती मधल्या एखाद्या बिंदूपासून सर्वांत लांबचे बिंदू आधी तपासते आणि उरलेल्यांतून याहून मोठे अंतर निघूच शकत नाही हे दिसताच थांबते. अतिवाईट उदाहरणात तिलाही तेवढेच कष्ट पडतात. प्रत्यक्षातल्या जाळ्यांवर मात्र बहुधा मोजकेच शोध पुरतात. आज ती सेजमध्येही आहे.