बिब फाईलमधलं टक्क्याचं चिन्ह

"सर, रात्री दोनपर्यंत होत होतं, आता होईना झालंय." प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली की मराठवाड्यातल्या गणिताच्या किंवा संगणकशास्त्राच्या विभागात हे वाक्य हमखास कानावर येतं. होईना झालेली असते ती संदर्भसूची. प्रबंध लाटेक या मजकूर-मांडणीच्या प्रणालीत लिहिलेला असतो, संदर्भांच्या नोंदी बिब फाईल नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये असतात, आणि त्यांची सूची करतो तो बिबटेक हा प्रोग्राम. पीडीएफमध्ये संदर्भांच्या जागी प्रश्नचिन्हं उगवलेली असतात आणि लॉगमध्ये बिबटेकची तक्रार असते: अमुक ओळीवर स्वल्पविराम नाहीतर बंद कंस हवा होता. ती ओळ उघडून बघावी तर तिच्यात काही वावगं नसतं. तक्रारीच्या खाली कंसात एक पुरवणी असते, की चूक कदाचित आधीच्या ओळीत असेल. पोरं ती वाचत नाहीत. बहुतेक वेळा खरं तेच असतं. वरच्या फील्डनंतरचा (लेखक, शीर्षक, साल असा नोंदीतला एकेक रकाना म्हणजे फील्ड) स्वल्पविराम राहिलेला असतो आणि खालची ओळ सुरू होईपर्यंत प्रोग्रामला त्याचा पत्ता लागत नाही.

स्वल्पविरामाची चूक एकदा कळली की कळली. टक्क्याच्या चिन्हाचं तसं नाही. त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

लाटेक ज्यावर उभं आहे ते टेक आलं १९७८ साली. लाटेक १९८० च्या दशकाच्या मध्यावर आणि त्याच्या जोडीला १९८५ साली बिबटेक. पण नोंदींची मांडणी बिबटेकनं घेतली ती स्क्राइब नावाच्या तिसऱ्याच प्रणालीकडून. अमेरिकेतल्या एका पीएच.डी. प्रबंधातून ती १९८० च्या सुमारास पुढं आली होती. स्क्राइबमध्ये आज्ञा @ नं सुरू व्हायची, म्हणून आपल्या नोंदीच्या तोंडाशी आजही @ असतो. नोंदीला गोल कंसही चालतो आणि महिरपीही, तेही त्याच घरचं. 'कॉन्फरन्स' हा नोंदप्रकार तर निव्वळ स्क्राइबच्या जुन्या फायली चालाव्यात म्हणून ठेवलेला आहे, काम सगळं 'इनप्रोसीडिंग्ज'चंच. थोडक्यात, बिब फाईलचं सासर लाटेक असलं तरी माहेर स्क्राइब आहे, आणि तिची बोली माहेरची.

आता लाटेकमध्ये % आला की त्यापुढची ओळ शेवटपर्यंत वगळली जाते, हे पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं. बिब फाईलमध्ये तसं होत नाही. तिथं ठरलं ते वेगळंच: नोंदीच्या बाहेर जे काही लिहिलंय ते सगळं आपोआप वगळायचं, पुढचा @ येईपर्यंत. मग टिप्पणीसाठी वेगळं चिन्ह कशाला? आख्खी नोंद बाजूला ठेवायची असेल तर तिचा @ तेवढा पुसा, असा अधिकृत सल्ला. कागदावर हा निर्णय सुटसुटीत दिसतो. माझ्या मते मात्र या फायलींमधल्या निम्म्या त्रासाचं मूळ इथंच आहे, कारण % तिथं चालत नसूनही चालल्यासारखा दिसतो. फाईलच्या वरच्या बाजूला % टाकून कुणी 'दुसऱ्या प्रकरणाचे संदर्भ' असं लिहिलं तर काहीच होत नाही. पोराला वाटतं % नं काम केलं. प्रत्यक्षात ती ओळ % नसता तरी वगळली गेली असती. उद्या त्याच ओळीत तो स्वतःचा ईमेल पत्ता लिहितो. पत्त्यात @ असतो. बिबटेकला वाटतं नवी नोंद सुरू झाली, आणि @ च्या पुढचं जीमेल-डॉट-कॉम हा तिचा प्रकार. पुढं उघडा कंस काही सापडत नाही.

नोंदीच्या आत तर % हा सरळसरळ गुन्हाच. परभणीकडची एक संशोधक गेल्या वर्षी फाईल घेऊन आली होती. एका लेखाचं पानांचं फील्ड तिला तात्पुरतं नको होतं, म्हणून त्या ओळीच्या तोंडाशी तिनं % लावला. तिथं फील्डचं नाव अपेक्षित असतं आणि % हे अक्षर नावात चालत नाही. बिबटेक म्हणालं, फील्डचं नाव गायब आहे, आता या नोंदीतलं उरलेलं मी सोडून देतो. गंमत अशी, की तोवर वाचलेली फील्डं तो टाकून देत नाही. लेखक आले, शीर्षक आलं, नियतकालिकाचं नाव आलं. पानं गेली, ती जायचीच होती. पण साल त्याच्या खाली होतं, तेही गेलं. पीडीएफ झकास तयार. सालाविना छापलेला तो संदर्भ तिच्या गाइडच्या नजरेस पडला तेव्हा प्रत बाइंडिंगला जायच्या बेतात होती.

यात भर घातली ती @ लावलेल्या 'कॉमेंट' या शब्दानं. तो आहे बिबटेकमध्ये, पण पुन्हा स्क्राइबच्या सोयीसाठी. जुनं बिबटेक तेवढा शब्द ओलांडतं आणि पुढं चालू लागतं. म्हणजे कॉमेंटच्या कंसात तुम्ही आख्खी नोंद कोंडलीत, तर आतला @ त्याला दिसतो आणि ती नोंद बिनदिक्कत वाचली जाते. १९९० च्या दशकात बिब फायली वाचून देणाऱ्या एका स्वतंत्र प्रोग्राम-लायब्ररीनं हे उलटं केलं. तिच्या लेखी कॉमेंटचा कंस बंद होईपर्यंतचा सगळा मजकूर टिप्पणी, आणि %सुद्धा टिप्पणी. २००६ मध्ये लाटेकमधल्या संदर्भांसाठी बिबलाटेक हे नवं पॅकेज आलं, मग त्याच्यासाठी बिबटेकच्या जागी चालणारा बायबर हा प्रोग्राम, आणि बायबरनं हीच लायब्ररी घेतली. झालं असं, की % टाकलेली फाईल बायबरकडे गुण्यागोविंदानं चालते आणि बिबटेककडे तिचा मुडदा पडतो. कॉमेंटमध्ये कोंडलेली नोंद बिबटेकला दिसते, बायबरला नाही. शब्द एकच, अर्थ परस्परविरुद्ध. दोन्ही बाजूंचे लोक आपलंच बरोबर म्हणतात. बायबरवाल्यांचं जरा जास्त बरोबर आहे, कारण माणूस टिप्पणी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं ते त्यांनी धरलं. तोवर जगात फायली मात्र पहिल्या पद्धतीच्या झाल्या होत्या. बिबटेकची ०.९९सी ही आवृत्ती १९८८ ची, पुढची ०.९९डी आली २०१० साली. बावीस वर्षं. आणि त्या नव्या आवृत्तीतली एक दुरुस्ती पुन्हा %चीच: लांबलचक दुव्याची ओळ मधेच तोडून तिथं % घालायची जुनी खोड तेव्हा गेली.

आपल्याकडे हे सगळं उशिरा पोचलं, आणि एकदम पोचलं. नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं सप्टेंबर १९९४ मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये लाटेकची आजची आवृत्ती निघाली होती, पण इथले प्रबंध त्यानंतरही बरीच वर्षं वर्डमध्ये नाहीतर डीटीपीवाल्याकडे होत राहिले. पीएच.डी.साठीच्या २००९ च्या केंद्रीय नियमावलीनं सबमिशनआधी एक शोधनिबंध छापून आणणं सक्तीचं केलं, शिवाय प्रबंधाची सॉफ्ट कॉपीही मागितली. माझ्या पाहण्यात लाटेक इथं शिरलं ते त्या निबंधाच्या वाटेनं. प्रकाशकाचा साचा लाटेकमध्ये, म्हणून लाटेक. व्याकरण शिकायला वेळ कुणाला होता? नोंदी गूगल स्कॉलरवरून उचललेल्या, काही मेंडेली नाहीतर जॅबरेफ या संदर्भ साठवायच्या प्रोग्राममधून. जॅबरेफ स्वतःच्या नोंदवहीची माहिती कॉमेंटमध्येच ठेवतं, ते वेगळंच. काही नोंदी वर्डमधून चिकटवलेल्या, वळणदार अवतरणचिन्हांसकट. त्या चिन्हांना बिबटेक अवतरण मानतच नाही. त्याला वाटतं हे कसल्यातरी लघुरूपाचं नाव आहे, आणि पुढच्याच शब्दाला ते अडतं.

लेखकांच्या नावांत स्वल्पविराम ही आणखी एक देशी तऱ्हा. दोन नावांमध्ये इंग्रजी 'अँड' लागतो, आपण स्वल्पविराम देत जातो आणि शेवटी 'व' लावतो. एका नावात दोनच स्वल्पविराम चालतात. पाच लेखक असले की तिसऱ्या स्वल्पविरामाशी एरर ठरलेला.

पण खास इथलं म्हणावं असं दुखणं कृतिदेवचं, म्हणजे इंग्रजी चिन्हांच्या जागी देवनागरी आकार बसवलेल्या जुन्या फाँटचं. मराठी ग्रंथांची यादी डीटीपीवाल्यानं कृतिदेवमध्ये टाइप करून दिलेली, तीच कॉपी करून बिब फाईलमध्ये. कृतिदेवमध्ये अर्धा क्ष उघड्या महिरपी कंसाच्या जागी बसवलेला आहे आणि द्व बंद कंसाच्या जागी. शीर्षकात 'शिक्षण' आलं की एक कंस उघडतो आणि मिटत नाही. मग त्या शीर्षकाच्या पोटात पुढची सगळी फील्डं जातात, नोंदीचा शेवटचा कंस शीर्षकाचाच शेवट ठरतो, आणि तक्रार येते ती खालच्या निरपराध नोंदीच्या पहिल्या ओळीवर. आमच्याकडच्या एका प्रबंधात दोनशेच्या आसपास नोंदी होत्या. निम्मी फाईल कापायची, कंपाइल करायची, उरलेल्यातली पुन्हा निम्मी कापायची, असं करत तासाभरानं ते एक 'शिक्षण' हाती लागलं. तसाच छापला असता तरी गिचमिड दिसली असती म्हणा.

शीर्षक युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं, लेखकाचं नावही. लगेच दुसरी तक्रार. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं असतं. आद्याक्षरं छापणाऱ्या शैलीत जुनं बिबटेक नावाचा पहिला बाइट तोडून घेतं, म्हणजे अक्षराचा एक तृतीयांश तुकडा. लाटेकला तो वाचता येत नाही. शेवटी प्रबंध बायबरवर नेला. मराठी नावं नीट आली, टक्क्याच्या चिन्हांची कटकट गेली, आणि तिसऱ्या प्रकरणात एक नवं प्रश्नचिन्ह उगवलं. ती नोंद त्या पोरानं दोन वर्षांपूर्वी कॉमेंटमध्ये कोंडून ठेवली होती, आणि त्यानंतर ती निर्धास्तपणे वापरतही आला होता.