सोमवारी जिना का उतरवत नव्हता?

आमच्या ऑफिसातले सहाजण मागे नागपूरहून पचमढीला गेलो होतो. तिथलं सातपुडा राष्ट्रीय उद्यान झालं १९८१ साली. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात पचमढी इंग्रजांच्या नजरेत आणणाऱ्या कॅप्टन फोर्सिथच्या काळापासून, इंग्रजांनी या डोंगरांत घोड्यांच्या नि खटाऱ्यांच्या वाटा काढल्या. तशाच एका, आता गवतात बुजत चाललेल्या वाटेनं वाटाड्यानं आम्हाला वर नेलं. ओझं ओढणारं जनावर उभा चढ चढत नाही, म्हणून असे रस्ते वळसे घेत लांबून जातात.

परतताना चौघांना वळशांचा कंटाळा आला. "काऊन एवढं फिरायचं बे?" म्हणत त्यांनी वाटाड्याकडून उभी पायवाट विचारून घेतली. आम्ही दोघं खाली पोचलो तेव्हा त्यांचा दुसरा चहा चालू होता.

सोमवारी हेच चौघं ऑफिसचा जिना कठडा धरून, खेकड्यासारखे आडवे उतरत होते. मंगळवारी त्याहून वाईट. एकाच्या आईनं जंगलातली बाधा म्हणून लिंबू उतरवलं. दुसऱ्याच्या जिमवाल्यानं 'लॅक्टिक ॲसिड साठलं' सांगून पावडरचा डबा विकला. मला दोन्ही सारखेच वाटतात, फक्त लिंबू स्वस्त. दमछाक होताना वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे त्या ॲसिडचंच रूप, तास-दोन तासांत ओसरतं, मंगळवारपर्यंत थांबत नाही. शिवाय खरी दमछाक चढावर झाली, आणि चढलो तर सगळेच होतो.

गोम उभ्या उताराची आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत शरीर वर उचलतो. उतरताना गुडघा वाकतो, म्हणजे तो स्नायू ताणला जातो, पण त्याच वेळी त्याला आखडायचा जोरही लावावा लागतो. नाही तर आपण कोसळू. विहिरीत भरली बादली सोडताना दोर हातातून सरकू द्यायचा, पण सुटू द्यायचा नाही, तसं. स्नायूच्या धाग्यात सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म कप्पे साखळीसारखे जोडलेले असतात. प्रत्येकात मायोसिन नावाच्या प्रथिनाचे आकडे ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंना धरून ओढतात. एरवी आकडा सोडवायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्ची पडतं. उतारावर मात्र पुष्कळसे आकडे नुसत्या ताणानंच उपटले जातात, त्यामुळे इंधन वाचतं. शिवाय स्नायू ताणला जात असताना एकेक धागा जास्त भार पेलू शकतो, म्हणून शरीर थोडेच धागे कामाला लावतं. काम स्वस्तात होतं, पण सगळा भार त्या थोडक्यांवर येतो. त्यांच्यातले दुबळे कप्पे आधी ताणले जातात, काही विस्कटतात. मग सूज येते, मज्जातंतूंची टोकं हुळहुळी होतात. यात वेळ जातो, म्हणून दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं.

हा स्वस्तपणा १९५२ साली अॅबट, बिगलँड आणि रिची या शास्त्रज्ञांनी झकास दाखवला. दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीनं जोडल्या. एकानं पुढे पेडल मारायचं, दुसऱ्यानं ते अडवायचं. जोर दोघांचा सारखाच, पण पेडल मारणाऱ्याला अडवणाऱ्यापेक्षा अडीच ते पाचपट ऑक्सिजन लागला. चालण्याचंही तसंच. १० टक्के उतारावर, म्हणजे १० मीटरला १ मीटर खाली, सपाटीच्या जवळपास निम्मी ऊर्जा पुरते. त्याहून उभा उतार असला की ब्रेक लावण्यातच खर्च पुन्हा वाढतो.

हे दुखणं सहसा आठवड्याभरात आपोआप जातं. लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र तडक डॉक्टरकडे जावं. एकदा असा उतार पचवला की पुढचे काही आठवडे तोच उतार फारसा दुखत नाही, म्हणून सराव आधीच केलेला बरा. पण सपाट नागपुरात सेमिनरी हिल्स सोडली तर उतार आणायचा कुठून? सध्या मी लिफ्टनं सातव्या मजल्यावर जातो आणि जिन्यानं खाली येतो. रोज चार खेपा. वॉचमननं परवा विचारलं, "साहेब, वर काही विसरता का रोज?"