ओव्हरक्लॉकिंग : चिपमधली शिल्लक कुणाकडे गेली

जानेवारी २०११मध्ये इंटेलचे सँडी ब्रिज पिढीचे प्रोसेसर आले आणि बेस क्लॉक, म्हणजे ज्याच्या पटीत चिपचा वेग ठरतो ते मूळ घड्याळ, १०० मेगाहर्ट्झला जखडला गेला. ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे चिप छापील वेगाहून जोरात पळवण्यासाठी, आज वेळ आणि पैसा घालावा का, या वादाचं मूळ माझ्या मते तिथे आहे. प्रत्येक चिपमध्ये खोक्यावर छापलेल्या वेगापलीकडे थोडी क्षमता शिल्लक असते. ती वापरायचा हक्क कुणाचा, हे त्या महिन्यात ठरलं.

त्याआधीचा काळ थोडक्यात. १९९८चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए ६६ मेगाहर्ट्झच्या बसवरून (प्रोसेसरला बाकी संगणकाशी जोडणारा दुवा) १००वर नेला की ३००चा थेट ४५० मेगाहर्ट्झला पळायचा. साडेचारचा मल्टिप्लायर, म्हणजे बसच्या वेगाला गुणणारा आकडा, कुलूपबंद होता, पण बस मोकळी होती. त्या कुलपामागे एक रास्त कारणही होतं : स्वस्त चिपवर महाग चिपचा शिक्का मारून विकणारे तेव्हा बोकाळले होते. २०००च्या सुमारास एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉनवरचे तांब्याचे बारीक पूल पेन्सिलीच्या शिशाने जोडले की तेही कुलूप निघायचं. २००७मध्ये इंटेलच्या क्यू६६००ची बस २६६वरून ३३३ केली की २.४चा ३ गिगाहर्ट्झ व्हायचा, बहुतेक वेळा व्होल्टेजला फारसा हात न लावता. स्वस्त चिप घेऊन महाग चिपचं काम काढायचं, या एका हिशोबावर हा छंद उभा होता.

सँडी ब्रिजने तो हिशोब मोडला. क्लॉक जनरेटर मदरबोर्डवरच्या चिपसेट या साथीदार चिपच्या पोटात गेला आणि पीसीआय एक्सप्रेस, साटा, यूएसबी हे बाकी उपकरणं जोडणारे मार्ग सगळे एकाच घड्याळाला बांधले गेले. बेस क्लॉक १०४-१०५च्या पुढे रेटला की प्रोसेसरला काही होत नसे, पण हार्ड डिस्क दिसेनाशी व्हायची. उरला मल्टिप्लायर, आणि तो नावापुढे 'के' असलेल्या मोजक्या चिपमध्येच उघडा ठेवला होता.

या 'के'चा गुंता नीट पाहण्यासारखा आहे, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. आय५-२५०० आणि आय५-२५००के या चिपचा मूळ वेग एकच, ३.३ गिगाहर्ट्झ. 'के'साठी जास्त पैसे मोजायचे आणि वर व्हर्च्युअलायझेशनची (एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवण्याची) व्हीटी-डी सोय गमवायची. शिवाय मदरबोर्डचा पेच होता. पी६७ चिपसेटवर मल्टिप्लायर वाढवता यायचा, पण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरता येत नसे. एच६७वर ग्राफिक्स चालायचं, पण मल्टिप्लायर हलत नसे. आणि त्यातल्या त्यात चांगलं ग्राफिक्स दिलेलं होतं 'के' चिपमध्येच! मे महिन्यात झेड६८ आला तेव्हा कुठे दोन्ही एका बोर्डावर मिळालं. बिगर-'के' चिपना टर्बोच्या (चिप गरजेला आपोआप गाठते त्या वाढीव वेगाच्या) वर चार पायऱ्यांची, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झची सवलत होती. २०१३च्या हॅसवेल पिढीत तीही काढून घेतली.

इंटेलच्या बाजूनेही बोलता येतं. घड्याळं एकत्र आणली की बोर्ड सोपा आणि स्वस्त होतो, हे खरंच आहे. पण चार पायऱ्यांची सवलत काढायला अभियांत्रिकीची कोणतीही गरज नव्हती. तो किमतीच्या कप्प्यांचा निर्णय होता, आणि तेव्हापासून ओव्हरक्लॉकिंग ही विकत घ्यायची सोय झाली. वापरणाऱ्याने स्वतः शोधून काढायची गोष्ट ती राहिली नाही.

तरीही अनेकांना सगळ्यात जास्त आठवतो तो २५००केच. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) मल्टिप्लायर ४५ टाकायचा, व्होल्टेज १.३च्या आसपास ठेवायचं, रात्रभर चाचणी लावायची. सकाळी संगणक कोलमडून पडदा निळा झाला नसेल तर काम फत्ते. साध्या एअर कूलरवर साडेचार गिगाहर्ट्झ. टर्बोच्या ३.७शी ताडून पाहिलं तरी पाचव्या हिश्श्याहून जास्त फायदा व्हायचा. चिपच्या धातूच्या झाकणाखाली सोल्डर असल्याने उष्णताही झटकन बाहेर पडायची.

पुढच्या वर्षी आयव्ही ब्रिजमध्ये सोल्डरच्या जागी थर्मल पेस्ट आली आणि तापमान चढलं. मग लोक झाकण काढू लागले. दाढीचं पातं झाकणाच्या कडेखालच्या काळ्या चिकट पट्टीत सरकवायचं आणि चारी बाजूंनी थोडं थोडं कापत न्यायचं. पातं दोन मिलिमीटर जास्त आत गेलं की हिरव्या पाटीतल्या तारा तुटायच्या आणि चिप कामातून जायची. झाकण निघाल्यावर लक्षात यायचं की दोष एकट्या पेस्टचा नाही. त्या चिकट पट्टीच्या जाडीमुळे झाकण डायपासून, म्हणजे सिलिकॉनच्या तुकड्यापासून, किंचित उचललेलं राहायचं आणि फट पडायची. पट्टी खरवडून झाकण परत बसवलं की तापमान दहा-वीस अंशांनी उतरायचं.

कुलूप मोडायचा शेवटचा मोठा प्रयत्न स्कायलेक पिढीत झाला. २०१५मध्ये बेस क्लॉक पुन्हा बाकीच्या घड्याळांपासून सुटा झाला आणि डिसेंबरात काही बोर्ड उत्पादकांनी बिगर-'के' चिपसाठी बायोस दिले. आय५-६४००चा मल्टिप्लायर २७ आणि बेस क्लॉक १६७ केला की साडेचार गिगाहर्ट्झ. त्यासाठी बरंच सोडावं लागायचं : टर्बो बंद, वीज वाचवणाऱ्या अवस्था बंद, आतलं ग्राफिक्स बंद, तापमानाचे आकडे बेभरवशाचे, जड गणितासाठीच्या एव्हीएक्स सूचना मंद. तरी लोकांनी ते आनंदाने केलं. फेब्रुवारी २०१६पर्यंत नव्या बायोसमधून ती वाट बुजवली गेली. 'के'मागचं कारण तांत्रिक नाही, हे त्या दोन महिन्यांनी जितकं उघड केलं तितकं आधी कशानेच झालं नव्हतं.

२०१७मध्ये एएमडीने रायझेनच्या सगळ्या चिप उघड्या दिल्या, मधल्या किमतीच्या बी३५० बोर्डावरसुद्धा. पण दार उघडलं तोवर आतली शिल्लक आटत चालली होती. टर्बो आता तापमान, करंट आणि प्रत्येक कोअरची (चिपमधल्या स्वतंत्र गणक-भागाची) कुवत पाहून क्षणाक्षणाला वेग ठरवू लागला होता. २०१९चा रायझेन ३९००एक्स एका कोअरवर ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत स्वतःच जायचा. हाताने सगळे कोअर ४.३ला बांधले की रेंडरिंगमध्ये थोडं मिळायचं आणि गेममध्ये हातचं जायचं. ओव्हरक्लॉक करून संगणक हळू होण्याची ही स्थिती जुन्या मंडळींना पचायला जड गेली.

दुसऱ्या बाजूला इंटेलच्या चिपमध्ये वेग ६ गिगाहर्ट्झपर्यंत कारखान्यातूनच येऊ लागला. १४९००केची कागदावरची वीजमर्यादा २५३ वॅट, पण अनेक मदरबोर्ड पहिल्यांदा सुरू झाल्यावर त्या रकान्यात ४०९५ वॅट दाखवत. म्हणजे मर्यादाच नाही. ज्याने बायोस उघडूनही पाहिलं नाही त्याचीही चिप काठावर चालत होती. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या चिप अस्थिर असल्याच्या तक्रारी गाजल्या, तपासात चढं व्होल्टेज आणि त्यामुळे होणारी झीज पुढे आली, आणि ऑगस्टमधल्या मायक्रोकोडने (चिपच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्तीने) चिपची व्होल्टेज-मागणी १.५५ व्होल्टला थोपवली. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. पूर्वी हा धोका छंदिष्ट माणूस जाणूनबुजून पत्करायचा. इथे तो न विचारता सगळ्यांच्या गळ्यात पडला होता, आणि मला ही गोष्ट 'के'च्या कुलपाहूनही जास्त खटकते.

त्यामुळे पैशाच्या हिशोबाने पाहिलं तर आज ओव्हरक्लॉकिंग परवडत नाही. महागडा बोर्ड आणि मोठा कूलर यांवर जाणाऱ्या पैशात एक पायरी वरची चिप येते. मेमरीचे टायमिंग (प्रतिसादाचा अवधी) घट्ट करण्यात अजून जीव आहे, विशेषतः गेमसाठी. एएमडीच्या नोव्हेंबर २०२४च्या ९८००एक्स३डीमध्ये जादा कॅश (चिपवरची जलद मेमरी) कोअरच्या वरून खाली नेली आणि त्या मालिकेला प्रथमच पूर्ण मोकळीक मिळाली. मात्र छंदाचा रोख आता व्होल्टेज कमी करण्याकडे वळला आहे. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणून थोडं उतरवलं तरी उष्णता बरीच घटते आणि वाचलेल्या जागेत टर्बो आपणहून वर चढतो.

रायझेनवर हे काम कर्व्ह ऑप्टिमायझर या सोयीने, प्रत्येक कोअरचं व्होल्टेज पायरीपायरीने उतरवून होतं. एक पायरी साधारण तीन ते पाच मिलिव्होल्टची. पहिल्यांदा करणारा सगळ्या कोअरना उणे ३० देतो, रात्रभर जड चाचणी लावतो, ती पार पडते. दुसऱ्या दिवशी नुसतं पान वाचत असताना संगणक रीस्टार्ट होतो. सगळे कोअर कामात असताना वेग उतरलेला असतो. एकटाच कोअर कामात असला की तो सर्वात वरच्या वेगाला जातो आणि तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. मग एकेक कोअर वेगळा तपासायचा, पडला की दोन-तीन पायऱ्या परत द्यायच्या. बहुतेक वेळा सर्वात चांगले म्हणून खूण केलेले कोअरच आधी पडतात, कारण कारखान्याने त्यांची शिल्लक आधीच काढून घेतलेली असते.