पावणेचारची भेट

उन्हाळ्याच्या सुट्टीत कराडला घरी गेले की माझी आणि आजीची एक ठरलेली भेट होते. वेळ पहाटे पावणेचार, ठिकाण स्वयंपाकघर. मी झोपण्याआधी पाणी प्यायला आलेली असते आणि आजी उठून चहाचं आधण ठेवत असते. पहिल्यांदा भेटलो तेव्हा दोघीही दचकलो होतो. "अगं बाई, अजून जागीच?" असं ती आणि "आजी, एवढ्यात उठलीस?" असं मी, दोघी एकदमच बोललो. मग तिने चहा घेतला, मी पाणी. तिचा दिवस सुरू झाला होता, माझा संपायचा होता.

या भेटीनंतर सहा-सात तासांनी जे होतं ते बहुतेक घरांत होतं. आधी आईची हाक. मग "सूर्य डोक्यावर आला." मग बाबांचं "लवकर निजे, लवकर उठे." एवढ्यानंही भागलं नाही की ब्रह्मास्त्र: मे महिन्यात पंखा बंद. एमएस्सीला जीवशास्त्र घेतल्याचा मला झालेला एकमेव घरगुती फायदा म्हणजे या आरोपावर मी आता शास्त्रीय कैफियत देऊ शकते.

सुरुवात मेंदूतल्या घड्याळापासून. दोन डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर जेमतेम वीस हजार पेशींचा एक ठिपका आहे. त्याचं नाव सुप्राकायाझमॅटिक न्यूक्लियस. तोंडी परीक्षेत हे नाव न अडखळता म्हणणारा विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही. शरीराचं तापमान कधी उतरायचं, मेलाटोनिन हे रात्रीची वर्दी देणारं संप्रेरक कधी सोडायचं, हे तो ठिपका ठरवतो.

हे घड्याळ चालतं कसं, ते समजायला गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. पाणी भरत जातं, बॉलकॉक वर येतो आणि नळ आपोआप बंद होतो. पाणी वापरून पातळी उतरली की नळ पुन्हा सुरू. पेशीतही तसंच. ठरावीक जनुकांवरून प्रथिनं तयार होतात, साठत जातात, पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि स्वतःच्याच जनुकाचा नळ बंद करतात. हळूहळू ती विरतात आणि नळ पुन्हा उघडतो. एका फेरीला साधारण एक दिवस लागतो. यातलं पहिलं जनुक 1971 मध्ये फळमाशीत सापडलं आणि ही यंत्रणा उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं.

'साधारण एक दिवस' या शब्दांतच माझी निम्मी बाजू आहे. माणसाचं हे घड्याळ स्वतःच्या लयीत चालू दिलं तर त्याची फेरी सरासरी 24 तास 11 मिनिटांची भरते. म्हणजे रोज थोडं मागे पडणारं घड्याळ. त्याला रोज कुणीतरी काटे जुळवून द्यावे लागतात आणि ते काम करतो प्रकाश. सकाळचं ऊन काटे पुढे ढकलतं, रात्रीचा उजेड मागे ओढतो. दृष्टिपटलात यासाठी वेगळ्या पेशी आहेत. त्यांना चित्र दिसण्याशी फारसं देणंघेणं नाही. उजेड किती आहे एवढंच त्या मोजतात, त्यातही निळसर उजेडाला जास्त दाद देतात. हॉस्टेलच्या खोलीत रात्री एक वाजता ट्यूबलाइट चालू असते, हातात मोबाइल असतो आणि सकाळचं ऊन आम्ही पडद्याआड ठेवतो. काटे मागे ओढायची पुरेपूर सोय.

पण खरी गंमत वयाची आहे. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग यांच्या गटाने जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या सुमारे 25 हजार लोकांना एक साधी गोष्ट विचारली: सुट्टीच्या दिवशी, गजर नसताना, तुम्ही कधी झोपता आणि कधी उठता? 2004 मध्ये त्यांनी मांडलेला आलेख मी खोलीच्या भिंतीवर चिकटवला आहे. लहान मुलं लवकर झोपणारी. वयात येताना झोपेची वेळ पुढे पुढे सरकत जाते, विशीच्या आसपास टोक गाठते आणि तिथून पुन्हा आयुष्यभर हळूहळू मागे येते. मुलींमध्ये हे टोक साडेएकोणिसाच्या सुमारास येतं, मुलांमध्ये एकविसाच्या. किशोरवय नेमकं संपतं कधी, याची खूण म्हणून हाच वळणबिंदू धरावा, असं त्या गटाने सुचवलं. म्हणजे पदवीची तीन वर्षं आणि उशिरा झोपण्याची कमाल पातळी एकाच वेळी गाठायची, असा निसर्गाचा वेळापत्रक-विभाग आहे.

यात घड्याळाइतकाच दुसऱ्या एका गोष्टीचा हात आहे. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ते जितकं साठेल तितकी झोप अनावर होते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मेरी कारस्काडॉन यांनी आयुष्यभर पौगंडातल्या झोपेचाच अभ्यास केला. त्यांच्या प्रयोगांतून दिसलं की वयात आलेल्या मुलांमध्ये हा झोपेचा दाब लहान मुलांपेक्षा सावकाश चढतो. दहा वर्षांचं पोर रात्री नऊला मान टाकतं. तेवढाच वेळ जागी असलेली त्याची ताई ताजीतवानी असते.

त्यात आमची टपरी. हॉस्टेलच्या फाटकाबाहेर रात्री अकराला शेवटचं कटिंग मिळतं. रविवारी संध्याकाळी मेस बंद, त्यामुळे आधी भुर्जीपाव आणि मग तिथेच अड्डा. आमच्यातली एकजण नेहमी सांगते, "ए, मला चहा प्यायल्याशिवाय झोपच येत नाही." कॅफीन काय करतं ते मी तिला एसटीच्या भाषेत सांगितलं. गाडी फलाटाला लागली की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. अॅडेनोसिनला मेंदूत बसायला ठरावीक जागा असतात. कॅफीन आधी येऊन तिथे रुमाल टाकून ठेवतं. अॅडेनोसिन गाडीत आहेच, वाढतंही आहे, पण उभं. म्हणून झोप जाणवत नाही. आणि रुमाल लवकर निघत नाहीत. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर पडायला बहुतेकांना पाचेक तास लागतात. अकराच्या कटिंगमधलं निम्मं कॅफीन पहाटे चारलाही सीट धरून बसलेलं असतं. मैत्रिणीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अजून एक सांग."

आता हिशेब. सोमवार ते शुक्रवार मी दीडला झोपते आणि साडेसातच्या प्रॅक्टिकलसाठी साडेसहाला उठते. झोपेचा मध्य पहाटे चार. शनिवार-रविवारी तीन ते अकरा. मध्य सकाळी सात. फरक तीन तास. रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये या फरकाला 'सोशल जेटलॅग' म्हटलं. मी दर शुक्रवारी रात्री साधारण कैरोच्या वेळेवर जाते आणि सोमवारी सकाळी पुण्याच्या वेळेवर परत येते, तेही विमानात न बसता. सोमवारच्या प्रॅक्टिकलला माझ्या हातून पिपेट का निसटते, याचं हे उत्तर सरांना मी अजून दिलेलं नाही.

या तीन तासांतला थोडासा भाग मला भारतीय प्रमाणवेळेच्या नावावर टाकायला आवडेल. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणारी. कराड त्याच्या आठएक अंश पश्चिमेला, आणि एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपल्याकडे सूर्य अर्धा तास उशिरानेच येतो. मुंबईने तर स्वतःची 39 मिनिटं मागची वेळ 1955 पर्यंत जपली होती. शरीराचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा सूर्याचं जास्त ऐकतं, हे जर्मनीत पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना मोजून झालं आहे. पण आई म्हणते, आजीही कराडातच राहते. मुद्दा बिनतोड आहे.

वेळापत्रकच बदललं तर? अमेरिकेतल्या सिअॅटल शहराने 2016 मध्ये हायस्कूलची वेळ 7.50 वरून 8.45 केली. मुलं तेवढी जास्त वेळ जागतील, अशी अनेकांना खात्री होती. मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून मोजलं तर रोजची झोप 34 मिनिटांनी वाढली होती. आपल्याकडे 2024 मध्ये राज्य सरकारने शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, पण तो पूर्व-प्राथमिक ते चौथीसाठी. हेतू चांगला, लहानग्यांची झोप व्हायलाच हवी. पण वर सांगितलेला आलेख पाहिला तर त्या वयाची मुलं तशीही लवकर उठणारी. ज्यांचं घड्याळ खरोखर मागे पडतं, त्या अकरावी-बारावीतल्या पोरांना सातच्या कॉलेजला आणि त्याआधीच्या क्लासला आपण अजूनही खुशाल पाठवतो.

आईच्या बाजूनेही पुरावा आहे, तो लपवणं बरं नाही. 2013 मध्ये कोलोरॅडोत केनेथ राइट यांनी आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. टॉर्च नाही, मोबाइल नाही. ऊन आणि शेकोटी एवढाच उजेड. आठवड्याअखेर त्यांचं मेलाटोनिन सुमारे दोन तास आधी सुटायला लागलं होतं आणि सगळ्यात जास्त सरकली होती ती रात्री जागणारी मंडळी. आम्ही राजगडला गेलो होतो तेव्हा गुंजवण्यात एका घराच्या पडवीत सतरंजीवर पडलो, गावची वीज गेलेली. दोनच्या आत न झोपणारे आम्ही सहाजण साडेनऊला घोरत होतो. दिवसभराच्या चढाईचा वाटा त्यात मोठा, मान्य. एका रात्रीत घड्याळ सरकत नाही. पण वय हे पूर्ण कारण नाही, ट्यूबलाइटही आरोपी आहे, हे त्या पडवीत कळलं.

राहिली आजी. उतारवयात घड्याळ पुढे सरकतं, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही लवकर येतात, आणि झोपही हलकी होते. आपण याला म्हातारपणाची तक्रार समजतो. टांझानियातले हादझा लोक शिकार आणि कंदमुळं गोळा करून जगतात. तिथल्या 33 प्रौढांच्या मनगटावर संशोधकांनी वीस दिवस हालचाल मोजणारी यंत्रं बांधली आणि 2017 मध्ये निष्कर्ष मांडले. तरुण उशिरा झोपणारे, वयस्क लवकर उठणारे, मधेच कुणी कूस बदलणारं, कुणी शेकोटीशी बसलेलं. वीस दिवसांत सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेत असा वेळ भरला फक्त 18 मिनिटं. पहारा कुणी लावलेला नव्हता, तरी तो चालूच होता. डेव्हिड सॅमसन आणि सहकाऱ्यांचा तर्क असा की वयानुसार झोपेच्या वेळा वेगळ्या असणं टोळीच्या फायद्याचं ठरलं असावं. तर्कच तो. वीस दिवसांच्या नोंदींवरून लाखो वर्षांचं काही सिद्ध होत नाही. पण आमच्या स्वयंपाकघरात तो फार फिट बसतो.

परवाच्या पावणेचारच्या भेटीत मी आजीला हे सगळं सांगितलं. ती चहा गाळत ऐकत होती. अठरा मिनिटांशी येऊन थांबली.

"आपल्याकडे तेवढीपण नाहीत," ती म्हणाली. "तू आत जातेस तेव्हा मी इथे असते. जा आता."

मी जाऊन झोपले. साडेदहाला पंखा बंद झाला.