सहाव्या पिढीपर्यंत लपलेला दोष: टेलोमिअर, रक्त आणि प्रजनन

गुणसूत्रांच्या टोकांना 'टेलोमिअर' म्हणायला सुरुवात केली हर्मन म्युलर यांनी, १९३८ मध्ये. ही टोकं वाढवणारं टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) १९८४ च्या नाताळात कॅरल ग्रायडर यांना एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत दिसलं. तेही गोड्या पाण्यातल्या टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात.

उंदरांची पाळी आली १९९७ मध्ये. टेलोमरेजचा आरएनए घटक बनवणारं टर्क जनुक काढून टाकलं, तरी पहिली पिढी ठणठणीत. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर माणसाच्या कित्येक पट लांब. टेलोमरेज नसलं की दर पेशीविभाजनात ते थोडे थोडे झिजतात, पण इतके लांब झिजायला पिढ्या लागतात. म्हणून जनुक नसलेल्या नर-माद्यांचाच आपसात संकर करत जायचं. १९९८ मध्ये सहाव्या पिढीचा निकाल आला: वृषणं आक्रसलेली, शुक्रपेशी बनवणाऱ्या पेशी मरत असलेल्या, अस्थिमज्जेची नव्या पेशींच्या वसाहती बनवण्याची ताकद घटलेली. आधी बिघडतं ते सतत विभागणाऱ्या पेशींचंच. पुढच्याच वर्षी दिसलं, की औषधाने मज्जा मुद्दाम रिकामी केली तर अशा उंदरांचं रक्त नीट भरून येत नाही. नुसत्या नेहमीच्या रक्ततपासणीवर विसंबलं तर हा दोष सहज निसटतो.

इथे उंदराच्या वंशाची, म्हणजे प्रयोगशाळेतल्या त्याच्या वाणाची, नोंद नसेल तर सगळं मुसळ केरात. सी५७बीएल/६ या वंशात वंध्यत्व चौथ्या पिढीतच आलं. घरउंदराच्या कास्टेनियस उपजातीचे टेलोमिअर तर मुळातच आखूड. (म्हापशाच्या एखाद्या तांदळाच्या गोदामातला घरउंदीर बहुधा याच उपजातीचा निघेल.) २००५ मध्ये कास्टेनियस वंशात टर्कची एकच प्रत असलेल्या उंदरांचा आपसात संकर केला, तेव्हा पुढच्या पिढ्यांत मज्जा, आतडं आणि वृषणं ढासळली. त्यांची दोन्ही प्रती शाबूत असलेली पिल्लंही आखूड टेलोमिअर घेऊन जन्मली. म्हणजे पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर नुसता जनुकप्रकार लिहून भागत नाही, आईबापांचा जनुकप्रकार आणि पिढीचा आकडाही हवा. बाहेरचा निरोगी जोडीदार दिला, की एका बाजूने लांब टोकं परत येतात आणि पिढ्यांची मोजणी फसते.

मोजमापातही मेख आहे. टेलोमिअरची लांबी मोजताना डीएनएचे तुकडे जेलमधून विजेने सरकवून लांबीनुसार वेगळे करतात, पण इतके लांब तुकडे साध्या जेलवर वेगळे होत नाहीत. स्पंदित विद्युतक्षेत्राचं जेल लागतं. त्यातूनही सरासरीच कळते, आणि पेशीला मारक ठरतो तो सर्वांत आखूड टेलोमिअर. त्यासाठी टेलोमिअरला चिकटणारा चकाकता प्रोब (खूणतुकडा) लावून सूक्ष्मदर्शकाखाली सिग्नल नसलेली टोकं मोजावी लागतात.